उलट्या आट्यांची जीप

ज्यांचे इयरफोन घरी राहिलेत, ज्यांना बसमध्ये ऐकू येत नाही, किंवा ज्यांना माझा आवाजच सहन होत नाही, अशा सगळ्यांसाठी या एपिसोडची ही लिखित आवृत्ती. बोलताना जिथे जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

सुरुवात एका तुटलेल्या बोल्टापासून करतो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला मी गावी गेलो होतो. गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. काकांच्या गोठ्याशेजारी पत्र्याची एक शेड आहे आणि तिथे त्यांची जीप उभी असते. 1968 ची. काकांचे गुडघे गेले तेव्हापासून ती जागेवरच होती. मी ठरवलं, या सुट्टीत हिला उठवायची. यूट्यूबवर पंधरा व्हिडिओ बघितले होते, अंगात भरपूर आत्मविश्वास होता. पुढचं डावं चाक काढायला घेतलं. नट सुटेना. पान्याला लोखंडी पाइप लावला आणि पाइपावर उभा राहिलो. कट्ट! नट तसाच, स्टडच तुटून हातात.

दुसऱ्या नटाला तेच करणार, तेवढ्यात काका बाजेवरून उठून आले.

"आरं, कुठल्या बाजूला पिळतोयस?"

"डावीकडे. सोडायचा म्हणजे डावीकडेच ना, काका?"

"ह्या अंगाचं आटं उलटं हायेत. टोकावर बघ की जरा पुसून."

रॉकेलच्या चिंधीनं पुसलं. स्टडच्या टोकावर इंग्रजी 'एल' अक्षर ठोकलेलं होतं. एल म्हणजे लेफ्ट. या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना डावे आटे असतात, सोडताना उजवीकडे फिरवायचे. चाक पुढे धावताना नट हळूहळू सैल होऊ नयेत म्हणून ही काळजी. म्हणजे मी सगळा जोर लावून तो नट घट्टच करत होतो. काका म्हणाले, "इंजिनिअर ना तू?" मी म्हटलं, "कॉम्प्युटरचा." ते म्हणाले, "मग बरोबर हाय."

त्या रात्री झोप लागली नाही. पंच्याऐंशी वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कुणीतरी केलेला विचार पाटणच्या एका शेडमध्ये माझ्या हातात तुटून आला होता. तो इथपर्यंत कसा आला? आजचा एपिसोड त्याबद्दल आहे.

एकोणपन्नास दिवस

जून 1940. फ्रान्स पडला होता. अमेरिका अजून युद्धात उतरली नव्हती, पण सैन्याला कळून चुकलं होतं की घोडे आणि साइडकारवाल्या मोटरसायकली यांवर हे युद्ध लढता येणार नाही. 11 जुलै 1940 ला सैन्यानं 135 कंपन्यांना पत्रं पाठवली: चारही चाकांना ताकद जाणारी, छोटी, हलकी गाडी हवी. पहिला नमुना 49 दिवसांत.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना ही डेडलाइन ओळखीची वाटेल. उत्तर दिलं फक्त दोघांनी, बँटम आणि विलीज. बँटम ही पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची, जवळपास बुडालेली कंपनी. त्यांनी कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या एका फ्रीलान्स इंजिनिअरला बोलावलं. त्यानं दोन दिवसांत आराखडा काढला. नमुना 23 सप्टेंबरला, संध्याकाळी पाचची मुदत संपायला अर्धा तास असताना, बाल्टिमोरजवळच्या होलाबर्ड तळावर पोहोचला.

एवढ्या वेळात हे जमलं कसं? कारण त्यांनी सगळं नव्यानं बनवलंच नाही. इंजिन काँटिनेंटल कंपनीचं तयार घेतलं. अ‍ॅक्सल स्पायसर कंपनीकडून घेतले, तेही स्टुडबेकरच्या एका साध्या मोटारीचे, फेरफार करून. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल: जगातली पहिली जीप हीच मुळात दुसऱ्यांच्या पार्टांतून जमवलेली गाडी होती.

बँटमकडे मोठ्या संख्येनं गाड्या बनवायची ताकद नव्हती. शेवटी बाजी मारली विलीजनं, आणि त्यांच्या बरोबरीनं फोर्डनं. विलीजची ताकद होती इंजिन. बार्नी रूस हा त्यांचा मुख्य इंजिनिअर. जुनं मरगळलेलं चार सिलिंडरचं इंजिन घेऊन त्यानं ते 60 अश्वशक्तीपर्यंत नेलं. त्याला नाव पडलं 'गो डेव्हिल'. पण विलीजची गाडी वजनाला भारी होती आणि सैन्यानं मर्यादा घातली 2,160 पौंडांची, म्हणजे साधारण 980 किलो. मग रूसच्या माणसांनी गाडी पूर्ण खोलली आणि एकेक भाग तासला. बोल्टांची जास्तीची लांबी कापली, रंगाचा थरसुद्धा पातळ केला. 

युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्डनं मिळून सहा लाखांवर जीपगाड्या बनवल्या. आणि इथे आपल्या कामाची गोष्ट येते: सैन्याची अट होती की फोर्डचा पार्ट विलीजला आणि विलीजचा फोर्डला बसलाच पाहिजे. फोर्डवाले आपल्या पार्टांवर, अगदी बोल्टांच्या डोक्यांवरही, 'एफ' अक्षर उमटवायचे, तेवढाच काय तो फरक.

दुरुस्तीचीही सैन्यानं उतरंड केली होती, पाच पायऱ्यांची. सगळ्यात वरची पायरी मोठ्या डेपोची, जिथे इंजिन पूर्ण उघडायचं. आणि पहिली पायरी कुणाची? ड्रायव्हरची. तेल बघणं, हवा बघणं, नट आवळणं, ग्रीस मारणं. खेड्यातून आलेल्या विशीतल्या पोरालाही जमेल अशा भाषेत, चित्रांसकट पुस्तकं छापली होती. म्हणजे ही गाडी चालवणाऱ्यानं स्वतः उघडावी हे गृहीतच धरलेलं होतं. आजच्या गाडीचं बॉनेट उघडून बघा. वर काळ्या प्लास्टिकचं झाकण. हात लावू नकोस, असंच ते सांगतं.

डिस्पोजल ते माझगाव

जीप भारतात आली ती युद्धाबरोबरच. बर्मा आणि चीनच्या आघाडीसाठी अमेरिकेनं पूर्व भारतात मोठा पसारा मांडला होता. 1945 नंतर हे सगळं परत न्यायचं म्हणजे जास्तीचा खर्च. मग उरलेला माल विकायला निघाला. आपल्याकडे त्याला शब्द पडला 'डिस्पोजल'. डिस्पोजलची जीप, डिस्पोजलचा ट्रक, डिस्पोजलचा कोटसुद्धा. बंगालमधल्या पानागढला लष्करी भंगार गाड्यांचा बाजार आजही भरतो.

याच काळात मुंबईत महिंद्रा बंधू, जे. सी. आणि के. सी., पोलादाच्या व्यापारात उतरले. 1945 मध्ये कंपनी काढली ती मलिक गुलाम मोहम्मद यांच्या भागीदारीत. नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद'. फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरल. इकडे 1948 मध्ये पाटी बदलली, 'महिंद्रा अँड महिंद्रा'. के. सी. महिंद्रा युद्धकाळात वॉशिंग्टनमध्ये भारताच्या खरेदीचं काम बघत होते. तिथे त्यांची बार्नी रूसशी गाठ पडली आणि ही गाडी भारतातल्या रस्त्यांसाठीच आहे हे त्यांच्या डोक्यात बसलं, असं सांगतात. ऑक्टोबर 1947 मध्ये विलीजकडून 75 जीपगाड्यांची पहिली खेप सुट्या भागांच्या रूपात आली. जुळवणी माझगावात. म्हणजे स्वतंत्र भारतातली जीपसुद्धा सुरू झाली ती खोक्यातले पार्ट काढून जोडण्यापासून.

त्याच सुमारास दुसऱ्या टोकाला एक वेगळीच गोष्ट चालू होती. काश्मीरच्या लढाईसाठी सैन्याला तातडीनं जीपगाड्या हव्या होत्या. लंडनमधले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी नेहमीची पद्धत बाजूला ठेवून एका परदेशी कंपनीशी जुन्या, दुरुस्त केलेल्या जीपगाड्यांचा करार केला. आल्या 155, आणि त्याही सैन्याला वापरण्याजोग्या निघाल्या नाहीत. संसदेत गदारोळ झाला. 1955 मध्ये सरकारनं प्रकरण बंद केलं. स्वतंत्र भारतातल्या पहिल्या मोठ्या घोटाळ्यांत त्याचं नाव येतं. राजकारण बाजूला ठेवा, मला त्यातली मिस्त्रीच्या कामाची गोष्ट दिसते. रंगवलेली गाडी आणि दुरुस्त केलेली गाडी यांत फरक असतो, आणि तो कागदावर दिसत नाही, चाकाखाली दिसतो.

बॉनेट उंच का?

आमची जीप आहे सीजे-3बी. युद्धातल्या जीपचं बॉनेट चपटं असतं, हिचं उंच, जरा गालफडं फुगवल्यासारखं. लहानपणी मला वाटायचं, आमची कुणीतरी ठोकून बिघडवलीय. कारण साधं आहे. जुन्या 'गो डेव्हिल'मध्ये सगळे व्हॉल्व्ह खाली, ब्लॉकमध्ये होते. ताकद वाढवायला विलीजनं हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये नेले. नवं इंजिन 'हरिकेन'. इंजिनाची उंची वाढली, ते जुन्या बॉनेटखाली मावेना. मग 1953 मध्ये बॉनेटच वर उचललं. इतकं सरळ. अमेरिकेत ही गाडी 1968 मध्ये बंद झाली, पण जपानमध्ये मित्सुबिशीनं आणि आपल्याकडे महिंद्रानं हा चेहरा पुढे कित्येक वर्षं चालवला.

आता थोडं गणित, घाबरू नका. पेपरात नाही येणार. या जीपला तीनच गेअर. पण शेजारी आणखी दोन दांडे असतात: एक पुढच्या चाकांना ताकद जोडायचा, दुसरा 'लो'चा. पहिला गेअर साधारण 2.8 पट. 'लो' 2.46 पट. आणि अ‍ॅक्सलमधला क्राउन-पिनियन 5.38 पट. गुणाकार केला तर 37. म्हणजे इंजिन 37 वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा. इंजिन मिनिटाला 1,000 फेऱ्यांवर असेल तर गाडी ताशी साडेतीन-पावणेचार किलोमीटर चालते. माणसाच्या चालीपेक्षाही थोडी हळू. पण इंजिनाचा पीळ 37 पट होऊन चाकाला मिळतो. चिखलात, ओढ्यात, दगडी पाणंदीत ही गाडी का अडत नाही याचं उत्तर या एका आकड्यात आहे.

किंमत कुठे मोजायची? रस्त्यावर. टॉप गेअरला ताशी 60 वर इंजिन 2,400 च्या आसपास फिरतं आणि 90 ला साडेतीन हजारांच्या वर. कानात बोळे घालून बसायचं.

साठ आणि सत्तरच्या दशकात गावाकडे जीप म्हणजे सरकार. पंचायत समितीची, पाटबंधाऱ्याची, वीज मंडळाची. रस्त्यावर लांबून धुरळा दिसला की पोरं ओरडायची, साहेब आले! सरकारी जीप थकली की लिलावात निघायची आणि बागायतदार, ठेकेदार, एखादा हौशी मास्तर ती घ्यायचा. आमची अशीच आली, 1986 मध्ये. काका तेव्हा पंचवीस वर्षांचे. आजोबा महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

पेट्रोलचं दुखणं

न बोलण्यामागे कारण होतं. 'हरिकेन' इंजिन काकांच्या हिशेबानं लिटरला सहा-सात किलोमीटर द्यायचं. 1973 च्या तेलसंकटात जगातले भाव जवळपास चौपट झाले, आणि त्यानंतर भारतातल्या पेट्रोल जीपची अवस्था लग्नातल्या हत्तीसारखी झाली. मिरवायला छान, पोसायला कठीण. डिझेल स्वस्त. मग देशभरच्या गॅरेजांत एकच उद्योग सुरू झाला: पेट्रोल इंजिन काढा, डिझेल घाला. कुणी पर्किन्सचं इंजिन टाकलं, कुणी ट्रॅक्टरचं. महिंद्रानंही दिशा तीच पकडली. 1979 मध्ये फ्रान्सच्या प्युजो कंपनीशी करार केला आणि इगतपुरीत 2.1 लिटरचं डिझेल इंजिन बनू लागलं. याच इंजिनांवर पुढे एमएम 540 सारख्या गाड्या चालल्या, आणि आपल्या सातारा-सांगली-कोल्हापूरकडची वडाप भरभराटीला आली. एका जीपमध्ये किती माणसं बसतात याचं उत्तर वडापवाल्याकडे नेहमी 'अजून दोन' असं असतं.

1991 मध्ये काकांनी घाटात उलटलेल्या एका जीपचं हे प्युजो इंजिन विकत घेतलं आणि कराडच्या एका मिस्त्रींकडे नेलं. मिस्त्री आता नाहीत. चौथी शिकलेले. या बदलात किती गोष्टी अडतात ते ऐका.

पहिली, इंजिन आणि गेअर बॉक्स एकमेकांना बसत नाहीत, बोल्टांची भोकंच वेगळी. मध्ये जाड पोलादी प्लेट लागते. ती लेथवर कापली. ही प्लेट केसभर जरी सरकली तर इंजिनाचा आणि गेअर बॉक्सचा मध्य जुळत नाही आणि बेअरिंग खाऊन टाकतं. मोजायला डायल गेज नव्हता. मिस्त्रींनी फ्लायव्हीलला तारेचा आकडा बांधला, हातानं फिरवला आणि तारेच्या टोकाखालून विडीचा कागद सगळीकडे सारखा सरकतो का ते पाहिलं. पहिली प्लेट चुकली. तीन महिन्यांत बेअरिंगनं आवाज दिला. दुसरी प्लेट केली. ती आजपर्यंत आहे.

दुसरी, इंजिनाच्या बैठका. चासीला नवे पाय वेल्ड केले. डिझेलचा हादरा इतका की पुढची काच तडकली. मग रबराचे जाड तुकडे घातले.

तिसरी गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नव्हती. जुन्या जीपचा वायपर विजेवर चालत नाही, इंजिनाच्या शोषणावर चालतो. पेट्रोल इंजिन हवा ओढतं तेव्हा मॅनिफोल्डमध्ये जो निर्वात तयार होतो, त्यावर वायपर हलतो. डिझेल इंजिनात हवा अडवणारी झडपच नाही, त्यामुळे तो निर्वातही नाही. इंजिन बदललं आणि वायपर मेला. कोयनेच्या खोऱ्यात, जिथे पावसाळा म्हणजे चार महिने भिंत! पुढची सहा वर्षं वायपर आतून मुठीनं हलवायचा. शेजारी बसणाऱ्याचं ते कामच ठरलेलं.

हे सगळं मला इतक्या तपशिलात कसं माहीत? कारण काकांची वही.

वही

गाडी खोलत असताना सीटखालच्या पेटीत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक वही सापडली. साखर कारखान्याची जुनी डायरी. 1986 पासूनचा प्रत्येक खर्च, प्रत्येक बिघाड. तारीख, पार्ट, कुणी केलं, किती दिले. आम्ही सॉफ्टवेअरवाले कोडमध्ये बदल केला की एका ओळीत कारण लिहितो, म्हणजे पुढच्याला कळावं. निम्म्या वेळा आम्ही नुसतं 'दुरुस्ती' असं लिहून मोकळे होतो. काका कारण लिहायचे. 'मागील पाटा तुटला. ऊस जास्त भरला होता. चूक माझी.'

एक नोंद वाचून मी थांबलो.

'24 जुलै 97. रात्री कराड. वहिनींना. वायपर दादानं हलवला, पूर्ण वाट. दोनदा पाणी रस्त्यावर. पहाटे मुलगा.'

आणि खाली:

'27 जुलै. वायपर मोटर, 12 व्होल्ट, जुनी. बसवली. आधीच करायला पाहिजे होतं.'

तो मुलगा म्हणजे मी. माझ्या जन्माची घरातली पहिली नोंद एका वायपर मोटरच्या खरेदीत आहे. वडिलांना विचारलं तर म्हणाले, "हात दोन दिवस वर जात नव्हता." एवढंच. अठ्ठावीस वर्षांत एकदाही बोलले नव्हते.

मूळ म्हणजे कधीचं?

आता खरा पेच. मी पुण्याला परत येऊन जीपचा फोटो टाकला. जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या एका मित्राचा लगेच फोन. "अरे, पन्नास वर्षांवरची आहे! व्हिंटेज होईल!" गोष्ट खरी होती. 2021 मध्ये केंद्रानं नियम केले: पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी मूळ रूपात असेल तर तिची वेगळी नोंदणी होते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. बदल्यात ती रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, एवढंच.

अडचण एका शब्दात आहे: मूळ. मित्राचं म्हणणं, डिझेल काढ, कुर्ल्याला किंवा आणखी कुठे 'हरिकेन' शोध, वायपर पुन्हा जुना लाव, शास्त्रशुद्ध कर. किंमतही दुप्पट येईल. मला मोह झाला, खोटं कशाला बोलू? दोन महिने मी इंजिन शोधत होतो.

दुसरीकडे कायदा उलट्या दिशेनंही आवळत आलाय. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दल आहे. 2000 च्या दुरुस्तीनंतर त्याचा अर्थ कडक झाला: कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच स्पष्ट केलं. काकांनी 1991 मध्ये परवानगी घेऊन आरसी बुकावर 'डिझेल' लिहून आणलं होतं, म्हणून आमचं निभावलं. आज मी तोच बदल करायला गेलो तर अवघड आहे. आणि या कडकपणाला कारण आहे. चासी कापून लांब केलेल्या, ब्रेक तेच ठेवून दुप्पट ताकदीचं इंजिन घातलेल्या गाड्यांनी माणसं मेलीत. घरच्या घरी काम म्हणजे आपोआप चांगलं काम, असं मी म्हणणार नाही. तुटलेला स्टड माझ्या टेबलावर ठेवलाय, त्यासाठीच.

पण इतिहास म्हणून बघा. मूळ म्हणजे कोणती तारीख? 1968, ज्या दिवशी ती कारखान्यातून निघाली? पुढच्या अ‍ॅक्सलचं काम करताना मला एका बोल्टाच्या डोक्यावर 'एफ' दिसला. फोर्डचा. म्हणजे युद्धातल्या कुठल्यातरी जीपचा बोल्ट, डिस्पोजलमधून, भंगारातून, कुणा फिटरच्या डब्यातून फिरत आमच्या गाडीत आला आणि बसला. बसणारच होता, कारण बसावा म्हणूनच तो बनवला होता. तो मूळ आहे की नाही? नियमानं बहुतेक नाही. पण या जीपमधली सगळ्यात जुनी वस्तू तीच आहे.

मी काकांना विचारलं, "पेट्रोल इंजिन परत घालू का? जशी होती तशी?"

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "जशी होती तशीच हाय की ती. तू बघितलीस तशी." आणि जरा थांबून, "तुला पेट्रोल परवडतंय का पर?"

काय केलं, काय नाही

डिझेल ठेवलं. व्हिंटेजचा नाद सोडला. हा निर्णय सगळ्यांसाठी बरोबर आहे असं नाही. एखादी गाडी अस्सल अवस्थेत वाचली असेल तर तिला तसंच जपणं हेही इतिहासाचंच काम, आणि ते करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. आमची तशी वाचलेली नव्हती, वापरलेली होती.

बदललं ते फक्त जीव वाचवणारं. ही जीप 45-50 च्या वेगाला पुढची चाकं भयंकर लटपटवायची, स्टीअरिंग हातातून सुटेल अशी. लोक टायरला दोष देतात. आमच्यात दोष होता किंगपिनच्या बेअरिंगचा. ती झिजली की सांधा ढिला होतो. वर-खाली टोप्यांखाली पातळ पत्र्याच्या चकत्या असतात, त्या कमी-जास्त करून बेअरिंगवरचा दाब जुळवायचा आणि स्प्रिंगचा काटा लावून सांधा किती जोरानं फिरतो ते मोजायचं. तीन रविवार गेले. स्टीअरिंगच्या मधल्या दांड्याचा बुशही गेला होता, तो नवा केला.

ब्रेक पूर्ण नवे. या गाडीत चारही चाकांचा ब्रेक एकाच नळीवर असतो, एक ठिकाणी गळती झाली की पायाखाली काहीच उरत नाही. म्हणून सगळे रबरी पाइप, सगळे सिलिंडर बदलले. घरी करणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. जुन्या लायनरच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ती फुंकायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. आणि गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही. कधीच नाही. घोडी लावा. वायरिंगला फ्यूज घातले. काकांच्या काळात एकही नव्हता, आणि आग लागली नाही ही नुसती कृपा.

वायपर मोटर तीच ठेवली. आवाज करते, पण चालते.

गेल्या आषाढात आम्ही तिघं, काका, बाबा आणि मी, कोयनानगरपर्यंत जाऊन आलो. पाऊस होता. बाबा शेजारच्या सीटवर होते. त्यांचा हात दोनदा सवयीनं काचेकडे गेलेला मी पाहिला. कुणी काही बोललं नाही.

वहीत आता माझ्याही नोंदी आहेत. पहिली अशी: 'डावा पुढचा स्टड तुटला. आटे उलटे आहेत हे माहीत नव्हतं. चूक माझी.'

जाता जाता एक काम सांगतो. युद्धातल्या जीपचा प्रत्येक स्क्रू कुठल्या ना कुठल्या छापील पुस्तकात सापडतो. पण विडीच्या कागदानं प्लेट जुळवणाऱ्या माणसाबद्दल कुठेच काही नाही. काकांची वही नसती तर या एपिसोडमध्येही नसतं. तुमच्या घरी जुनी गाडी, ट्रॅक्टर, इंजिन, शिलाई मशीन काहीही असेल, तर ते ज्यानं चालतं ठेवलं त्याच्याशी तासभर बोला आणि फोनवर रेकॉर्ड करा. आवाज खराब आला तरी चालेल. नंतर विचारू म्हणालात तर उशीर होतो. मला त्या मिस्त्रींना बरंच विचारायचं होतं.

भेटू पुढच्या एपिसोडला. आणि हो, चाक काढायच्या आधी स्टडचं टोक पुसून बघा.